मागे घेतलेली साक्ष

सुगीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, उसाची मोळी आणि संत्र्यांच्या टोपल्या मांडतात. उपदेशाच्या आधी पाळकसाहेब विचारतात, "कोणाला साक्ष द्यायची आहे का?" साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. कोणाला नोकरी लागलेली असते, कोणाचं ऑपरेशन पार पडलेलं असतं, कोणाच्या मुलीचं जमलेलं असतं. सांगून झालं की मागच्या बाकांवरून दणदणीत "हालेलुया" येतं आणि सांगणारा लाल कानांनी खाली बसतो. लग्न होऊन ह्या मंडळीत आले तेव्हापासून मी साक्षी ऐकत होते, पण कधी उठले नव्हते. गेल्याच्या गेल्या वर्षी उठले. खोटं बोलले, आणि एका माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्याची ही गोष्ट.

मी शहराच्या सदर भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. माझा हात हलका आहे, तोंड नाही. उपाशीपोटी यायला सांगितलेलं असताना तर्रीपोहे हाणून येणाऱ्याला मी सरळ घरी पाठवते, मग तो कोणी का असेना. वीस वर्षांत माझी एक सवय झाली आहे: प्रत्येक दुखण्याचा कागद मागायची. ताप आहे? रिपोर्ट दाखव. थकवा आहे? हिमोग्लोबिन दाखव. म्हणून माझंच मन बिघडलं तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला तो ह्याचा, की ह्याचा रिपोर्ट निघत नाही.

उदासी आई गेल्यावर आली असं मी लोकांना सांगते, कारण लोकांना कारण लागतं. खरं तर आई गेल्यानंतर दीड वर्ष मी ठणठणीत होते. मग एका साध्या बुधवारी डबा करताना तव्यावरची पोळी करपायला लागली आणि मला ती उलटावीशी वाटेना. बघत उभी राहिले. धूर झाला, तरी उभी. नवऱ्यानं येऊन गॅस बंद केला. तिथून जे सुरू झालं ते महिनोन् महिने चाललं. लॅबमध्ये मी सुई बरोबर शिरेत घालत होते, घरी मात्र केस विंचरायला हात वर जात नव्हता.

आणि प्रार्थना? चांगल्या दिवसांत मी भांडी घासतानासुद्धा प्रभूशी बोलायचे. तक्रारीच जास्त, पण बोलायचे. त्या दिवसांत वाटायचं, फोन लागतोय, रिंग जातेय, आणि त्या घरात कोणी राहतच नाही. मग लगेच दुसरा विचार यायचा, की तो नाही असं नाही, तुझाच विश्वास तोकडा. आम्हा ख्रिस्ती माणसांना ही एक जादा शिक्षा असते. दुसऱ्यांना नुसतं दुःख होतं. आम्हाला दुःख होतं आणि वर दुःख झाल्याची लाज वाटते, कारण आम्ही आनंदी असायला हवं असं दर रविवारी गाऊन सांगितलेलं असतं.

माझा नवरा कळमेश्वरच्या एमआयडीसीत फिटर आहे. फार बोलत नाही. संध्याकाळी आमच्या घरी कुटुंबप्रार्थना असते. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून आम्ही दोघंच. त्याची प्रार्थना म्हणजे रजेचा अर्ज: "हे प्रभू, आजचा दिवस दिला, आभारी आहो. उद्याचाही द्यावा, ही विनंती. आमेन." मी ह्यावर त्याला कितीदा चिडवलं असेल. पण मला मनाच्या डॉक्टरकडे स्कूटरवर बसवून नेलं ते त्यानंच. मी वाटेत म्हणत होते, कोणी बघितलं तर काय म्हणतील, मंडळीत कळलं तर काय होईल. तो सिग्नलला थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "नटबोल्ट ढिला झाला तं कसावा लागते. त्याच्यात लाजाचं काय आहे वं?"

गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू मी पोळ्या उलटायला लागले. दोन वर्षं घेतल्या. मंडळीत कोणाला सांगितलं नाही.

मग त्या वर्षीचा ऑक्टोबर आला. उन्हाचा ताव उतरला, सकाळी अंगावर हलकी शाल घ्यावीशी वाटू लागली आणि मला अचानक फार बरं वाटायला लागलं. इतकं बरं, की मला वाटलं, झालं, संपलं हे. डॉक्टरांना विचारलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, गोळ्या बंद केल्या. एक आठवडा गेला, दोन गेले, काही बिघडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात सुगीचा रविवार होता. चर्चभर संत्र्यांचा वास. पाळकसाहेबांनी विचारलं आणि मी उभी राहिले.

"प्रभूनं मला बरं केलं," मी म्हणाले. "दोन वर्षं मी मनाच्या गोळ्या घेत होते. आता मला त्यांची गरज नाही. मी त्या फेकून दिल्या."

फेकून दिल्या नव्हत्या. आमच्याकडे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, चेनच्या पिशवीत ठेवतात, त्या पिशवीला बाहेरून एक कप्पा असतो. उरलेली स्ट्रिप त्या कप्प्यात होती. पिशवी माझ्या हातात होती आणि "फेकून दिल्या" म्हणताना माझा अंगठा त्याच कप्प्यावर होता. खोटं बोलायचं ठरवून मी उठले नव्हते. पण "बंद करून बघतेय" असं म्हटलं असतं तर हालेलुया आलं नसतं. मला ते हवं होतं. आलं. छत उडेल असं आलं.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "डॉक्टरले विचारलं होतं?"

"तुमचा विश्वासच नाही," मी फाडकन म्हणाले. त्यानं भात कालवला.

त्या दिवशी उपासना संपल्यावर शिवणाच्या बाईंनी माझा हात धरला होता. ह्या बाई म्हणजे मिशनच्या शाळेत आयुष्यभर मुलींना शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही, एकट्या राहतात. डावीकडच्या तिसऱ्या बाकावरची भिंतीलगतची जागा त्यांची. प्रभुभोजनाच्या मेजावर अंथरायचं पांढरं कापड त्या धुतात, खळ करतात, इस्त्री करतात, आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. त्यांनी माझा हात खूप वेळ धरून ठेवला आणि डोळ्यांत बघितलं. मला वाटलं, अभिनंदन करताहेत.

बाईंचं आणि माझं एक गुपित होतं. दर तीन महिन्यांनी, मंगळवारी सकाळी आठला, त्या लॅबमध्ये यायच्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिथियमची तपासणी लिहिलेली असायची. मन एकदा आभाळाला आणि एकदा पाताळाला नेणारा एक आजार असतो, त्यावरचं हे औषध. ते रक्तात किती उतरलंय ते ठरावीक काळानं बघावं लागतं. मंडळीतलं कोणी बाकावर बसलेलं असलं आणि त्यानं विचारलं, "काय बाई, शुगर का?" की बाई म्हणायच्या, "हो नं बापा, शुगर." मी मान खाली घालून ट्यूबवर चिठ्ठी चिकटवायची. आम्ही दोघी ह्यावर एक शब्दही कधी बोललो नव्हतो. लॅबमध्ये बोलायचं नसतंच ते.

डिसेंबर लागला. नाताळच्या करंज्यांचं सारण भाजताना माझा हात थांबला. मला ती थांबण्याची जात ओळखू आली. आठ दिवसांत मी पुन्हा तिथेच, तळाशी. नवऱ्यानं स्कूटर काढली. डॉक्टरांनी एवढंच म्हटलं, "मला विचारायचं होतं ना." गोळ्या पुन्हा सुरू.

नाताळात सगळे भेटत होते. "ताई, तुमच्या साक्षीनं आमच्या घराला किती बळ आलं!" मी हसायची. एकेक वाक्य टाचणीसारखं टोचायचं आणि मी हसायची. घरी येऊन मात्र मी देवावर चिडायची. माझ्या चुकीचा राग त्याच्यावर. प्रभू, मी तुझं नाव घेऊन बोलले होते, निदान तुझ्या नावासाठी तरी मला बरं ठेवायचंस. चारचौघांत माझी फजिती झाली असती तर झाली असती, पण ही तर तुझीच झाली. असं मी त्याला बोलले. पलीकडे कोणी उचलत नव्हतंच.

त्याच दिवसांत बाई उजळायला लागल्या. दुसरा शब्द नाही त्याला. वर्षानुवर्षं भिंतीला टेकून हळू आवाजात गाणाऱ्या बाई आता हात वर करून गात होत्या. नाताळच्या आधी त्यांनी चर्चचे सगळे पडदे नवे शिवले. मग गाणाऱ्या मुलींसाठी सोळा झगे. मग बाकांवर घालायच्या गाद्यांना खोळी. पहाटेच लोकांना फोन करून स्तोत्रं वाचून दाखवायच्या. मंडळीतल्या बायका म्हणाल्या, बाईंवर आत्मा उतरला. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की सत्तरीला टेकलेली आपली एक भगिनी बघा, कशी पेटून उठली आहे, आणि आपण तरुण माणसं कशी विझलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला बाईंचा हेवा वाटत होता. पापच ते, पण वाटत होता. मी माझ्या बाकावर चिखलात रुतल्यासारखी बसलेली आणि ही म्हातारी प्रभूच्या मांडीवर बसल्यासारखी हसतेय, असं वाटायचं.

जानेवारीत एका मंगळवारी एक तरुण माणूस लॅबमध्ये चिठ्ठी घेऊन आला. लिथियमची. त्याच्या दंडाला पट्टा बांधताना माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईंचा मंगळवार केव्हाच होऊन गेला होता. जानेवारीचा पहिला त्यांचा. मी त्या माणसाचं रक्त काढलं, कापूस दिला. पडदे, झगे, पहाटेचे फोन. इतकी वर्षं ज्या आजाराच्या ट्यूबा मी भरत होते, तो आजार माझ्या डोळ्यांसमोर हात वर करून गात होता आणि मी त्याचा हेवा करत होते.

दुपारी सुट्टी टाकून मी बाईंच्या घरी गेले. दार उघडंच होतं. शिलाई मशीनचा आवाज गल्लीपर्यंत येत होता.

"ये वं, ये," बाई म्हणाल्या. मशीन थांबवली नाही. "पाय त्या पांढऱ्यावर नोको ठेवू."

खोलीभर कापड होतं. त्यांच्या स्वतःच्या साड्या कापलेल्या, खिडकीचा पडदा कापलेला. आणि खाली जमिनीवर जे पांढरं पसरलं होतं त्याची क्रोशाची किनार मी ओळखली. प्रभुभोजनाच्या मेजाचं कापड. त्याचे तुकडे झाले होते, आणि त्या तुकड्यांची इवली इवली झबली खाटेवर ओळीनं मांडलेली होती.

"अकरा झाले," बाई म्हणाल्या. "बाप्तिस्म्याले लागतील."

"कोणाच्या, बाई? मंडळीत सध्या कोणाकडे बाळ नाहीये."

"येतील नं वं. लेकरं काय, येतच राहतात."

त्यांचे डोळे चमकत होते आणि गाल पार आत गेले होते. मी खाली बसले. विचारलं, झोपता का. त्या हसल्या. "झोप कायले पाहिजे? तो जागा आहे, मी बी जागी."

"आणि गोळ्या?"

"तूच तं सांगितलं," बाई म्हणाल्या. "फेकून देल्ल्या म्हणली नं तू? मी त्याच दिवशी घरी आली अन् नालीत टाकल्या. चौदा वर्षं खाल्ल्या मी. मले कोणी सांगितलंच नव्हतं का फेकता येते म्हणून."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. खरंच वाटलं. सुगीच्या रविवारी त्या हात धरून बघत होत्या ते अभिनंदन नव्हतं, परवानगी मिळाल्याचा आनंद होता तो. इतकी वर्षं ही बाई एकटी, शुगर आहे असं सांगत, तिसऱ्या बाकावर बसत होती. आणि तिला पहिल्यांदा कोणीतरी आपल्यासारखं भेटलं, ते खोटं बोलणारं.

"बाई," मी म्हणाले, "मी फेकल्या नव्हत्या."

मशीन थांबली.

"मंग?"

"शास्त्राच्या पिशवीत होत्या. आता परत घेते मी. डिसेंबरपासून परत आजारी पडले."

बाई माझ्याकडे वळल्या. मग लहान मुलासारखं विचारलं, "म्हंजे त्यानं तुले बरं नाही केलं?"

"नाही. म्हणजे मला माहीत नाही. अजून तरी नाही."

"मंग खोटं कोण बोललं? तू का तो?"

ह्या प्रश्नाची मला सगळ्यात जास्त भीती होती, हे तो समोर आल्यावर कळलं. डिसेंबरपासून मी हेच त्याच्या अंगावर ढकलत होते.

"मी," मी म्हणाले. "मी बोलले, बाई. तो नाही."

त्यांनी सुईतला दोरा तोडला. मी त्यांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. आत्ता चला, डॉक्टरांना मी फोन करते, रिक्षा बोलावते, असं सगळं सांगून झालं. बाई हलल्या नाहीत.

"हे मले घरात काहून सांगून राहिली?" त्या म्हणाल्या. "बोलली कुठं होती? मंडळीत. मंग मंडळीत सांग. आज मी गोळी घेतली तं त्या बाया काय म्हणतील? बाईचा विश्वास कमी पडला. तुह्या खोट्याचा कमीपणा मी काहून घेऊ माह्या डोक्यावर? तू सांग, मंग मी घेईन."

डोकं इतकं वाऱ्यावर असतानाही त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला राग आला तो त्यामुळेच.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजच आणा. बाई म्हणाल्या, रविवार. पारशिवनीला बाईंचा भाऊ असतो, त्याच्या घरी फोन करून मी एवढंच म्हटलं की बाईंना सोबत पाहिजे. त्यांची भावजय संध्याकाळच्या आत पिशवी घेऊन हजर झाली. मोठी समंजस बाई. तिनं खोलीभर पसरलेलं कापड बघितलं आणि आधी गॅस पेटवून वरण टाकलं. काय झालं तर कुठे न्यायचं ते मी तिला लिहून दिलं.

मग पाळकसाहेबांकडे गेले. माझं सगळं सांगितलं. बाईंचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले की माझं ऐकून एका माणसानं आपल्या गोळ्या टाकून दिल्या.

पाळकसाहेब सज्जन माणूस आहे. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "ताई, तुम्ही मन मोकळं केलंत, फार बरं झालं. पण हे आपल्यातच राहू द्या. साक्ष मागे घ्यायची पद्धत नाही आपल्याकडे. विश्वासात नवीन असलेले लोक आहेत, ते डळमळतील."

"डळमळू द्या," माझा आवाज चढला. "साहेब, माझ्या लॅबमधून चुकीचा रिपोर्ट गेला तर मी त्या माणसाच्या घरी फोन करते. त्याचा डॉक्टरांवरचा विश्वास डळमळेल म्हणून गप्प नाही बसत."

"कोण आहे ती व्यक्ती?"

"ते मी नाही सांगणार."

त्यांनी चश्मा काढला आणि खिडकीकडे बघितलं. खिडकीला नवा पडदा होता, निळा, काठाला बारीक टीप घातलेला. ते त्या पडद्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला कळलं, त्यांना कळलं. "मी तर उपदेशात..." म्हणाले आणि थांबले. मला त्यांची दया आली. मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

"रविवारी," ते म्हणाले. "प्रार्थनेच्या विनंत्यांच्या वेळी. दोन मिनिटं."

शनिवारभर मी घरात पुटपुटत फिरत होते. बोलायचं ते कागदावर लिहिलं, ते दोन पानं झालं. नवऱ्यानं ते वाचलं आणि परत दिलं. "लंबं नोको करू," तो म्हणाला. "माह्या प्रार्थनेएवढं ठेव." त्या आठवड्यात मी पहिल्यांदा हसले.

रविवारी बाई भावजयीबरोबर तिसऱ्या बाकावर होत्या. सतत हलत होत्या, पिशवीतून काही काढत होत्या, ठेवत होत्या. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी उभी राहिले. कागद घरीच राहिला होता.

"सुगीच्या रविवारी मी इथे म्हणाले होते की मी बरी झाले आणि गोळ्या फेकून दिल्या. मी फेकल्या नव्हत्या. डॉक्टरांना न विचारता थांबवल्या होत्या. डिसेंबरमध्ये मी पुन्हा आजारी पडले. आता पुन्हा गोळ्या घेते, आज सकाळीही घेतली. प्रभू मला सोडून गेला असं मला पुष्कळदा वाटतं. वाटतं तेव्हा मी इथे येऊन बसते, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते मला माहीत नाही. माझं ऐकून कोणी आपलं औषध बंद केलं असेल तर त्यानं आजच्या आज डॉक्टरकडे जावं. खोटं मी बोलले होते. प्रभू बोलला नव्हता."

कोणी हालेलुया म्हटलं नाही. आमेनसुद्धा नाही. पेटीवाले भाऊ पेटीच्या पट्ट्यांकडे बघत बसले. बाहेर भाजीवाल्याचा भोंगा वाजत होता, मेथी, पालक, सांभाराची जुडी. मी अजून उभीच होते.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून बाई उठल्या. सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात भावजयीला म्हणाल्या, "चाल वं वहिनी. गोळी घ्याची आहे मले." मधल्या वाटेनं जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "आता बस न खाली," त्या म्हणाल्या. "किती वेळ उभी राहशील?"

मी बसले नाही. त्यांच्यामागून निघाले. माझ्या मागून नवरा निघाला, स्कूटरची किल्ली खिशात चाचपत. दवाखान्यात पोचलो तेव्हा बाई डॉक्टरांना झग्यांची मापं समजावून सांगत होत्या. दहा दिवस त्यांना तिथे ठेवून घेतलं.

मंडळीत मग जे व्हायचं ते झालं. काही बायकांनी मला रोज सकाळी फोनवर शास्त्रातली वचनं पाठवायचं बंद केलं. एकीनं फाटकापाशी गाठून, इकडेतिकडे बघत, माझ्या डॉक्टरांचा पत्ता मागून घेतला. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या मेजावर पाळकसाहेबांच्या घरची पांढरी चादर होती, घडीच्या रेघा तशाच असलेली. कापडाचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. पाळकसाहेबांनी विचारू दिलं नाही म्हणा.

बाई घरी आल्या त्या विझूनच. औषधानं उधाण उतरवलं आणि त्याच्यामागून ओहोटी आली. मी आठवड्यातून दोनदा लॅबमधून सुटले की त्यांच्याकडे जायची. मशीनवर खोळ घातलेली असायची. बाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. भावजय सांगायची, डोळा लागत नाही, पडून असतात नुसत्या. गोळी मात्र चुकवत नव्हत्या. शब्द दिला होता ना.

मार्चच्या सुरुवातीची एक दुपार. कूलर अजून लावला नव्हता पण खिडकीवर ओला पडदा टाकण्याइतकं ऊन झालं होतं. भावजय बाजारात गेली होती. मी चहा केला, तो बाईंनी अर्धा प्यायला. मग माझ्याकडे न बघता त्या बोलायला लागल्या.

"त्या दिवसांत तो लय जवळ होता वं. मशीनच्या त्या बाजूले बसून राहे. मी बोलू, तो ऐके. आता कोणीच नाही. ह्या गोळ्यानं त्याले घालवून देल्लं का?"

पुन्हा एकदा साक्ष द्यायची वेळ आली होती, आणि ह्या वेळी मला खोटं बोलायची हिंमत नव्हती. "मला माहीत नाही, बाई," मी म्हणाले. "मलाही पुष्कळदा कोणी नाही असंच वाटतं."

"मंग कशाच्या भरोशावर येतं तू देवळात?"

मी खूप शोधलं. मोठं काही सापडेना. "रविवार येतो म्हणून," मी म्हणाले. "हे स्कूटर काढून उभे राहतात म्हणून. तिसऱ्या बाकावर तुम्ही असता, म्हणून. तेवढ्यावर येते."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, नुसतं पाणी. "मले प्रार्थनाच येत नाही आता," त्या म्हणाल्या. "तोंड उघडतो अन् काही निघतच नाही."

"नका करू. मी करते. तुम्ही पडून राहा फक्त."

मी त्यांचा हात हातात घेतला. दुसऱ्याच्या घरी, मोठ्यानं, एकटीनं मी कधी प्रार्थना केली नव्हती. आणि माझा स्वतःचा दिवसही काही बरा नव्हता. आतून काही उसळून वगैरे आलं नाही. मी सुरुवात केली. "प्रभू, बाईंना तू कुठे दिसत नाहीस. मलाही आज दिसत नाहीस. तरी आम्ही दोघी इथे आहोत, आणि तुझ्याशीच बोलतोय." मग जे सुचेल ते सांगत गेले. बाईंनी आज अर्धा कप चहा प्यायला. भावजय सोमवारी पारशिवनीला परत जाणार आहे, तेव्हा पुढची सोय तूच बघ. त्यांच्या हाताला कंप सुटलाय, तो औषधाचा असेल तर आम्ही डॉक्टरांना सांगू, पण तूही लक्ष ठेव. अकरा झबली पेटीत घालून ठेवली आहेत, त्यांत कापूर टाकलाय. तू रागावला असशील तर माझ्यावर रागाव, ह्यांच्यावर नको. ह्यांनी तर तुझ्यावर विश्वास ठेवला होता.

बोलता बोलता बाईंचा हात जड झाला. मी एक डोळा उघडून बघितलं. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं आणि श्वास लांब, सावकाश चालला होता. किती दिवसांनी झोपल्या होत्या कोण जाणे.

आमच्यात प्रार्थना संपली की आमेन मोठ्यानं म्हणतात, नाहीतर ती पुरी झाल्यासारखी वाटत नाही. म्हटलं असतं तर त्या जाग्या झाल्या असत्या. मी म्हटलं नाही. हात न सोडवता तशीच बसून राहिले.